कोरड्या घरचा दुखवटा

छत्रपती संभाजीनगर
२४ सप्टेंबर

प्रिय रत्ने,

तुझा फोन लागत नाही. टॉवर पडलाय असं कडुबा म्हणाला. त्याचा टेम्पो आज भाजी घेऊन जाधववाडीच्या मार्केटला आला होता, तिथं जाऊन मी त्याला गाठलं. गिरजा नदीनं हिवरवाडीचा पूल नेला, सामान अलीकडच्या काठावर ठेवायचं आणि पलीकडच्यांनी दोरीनं ओढून घ्यायचं, असं चाललंय म्हणे. म्हणून ही चिठ्ठी सामानाच्या पोत्यात घालते. एका परीनं बरंच आहे. फोनवर तू मध्येच चिडून बंद करतेस, चिठ्ठी तरी शेवटपर्यंत वाचशील.

पोत्यात ब्लँकेटं आहेत, मेणबत्त्या, काडेपेट्या, तापाच्या गोळ्या, पोरींसाठी पॅडची पाकिटं. वरच्या डब्यात नानखटाई आहे, ती अम्मांची. त्यांना माझा सलाम सांग आणि गुडघ्याला तेल लावायचा कंटाळा करू नका म्हणावं. सून ऐकत नाही, सासू ऐकत नाही, तुमच्या घरात ऐकतं तरी कोण?

पेपरात फुलंब्री तालुक्यात चार माणसं गेल्याचं आलंय. नावं दिली नव्हती. तुमचं घर चढावर आहे म्हणून माझा जीव थोडा थाऱ्यावर आहे.

आता दुसरी गोष्ट. दहा ऑक्टोबरपासून इथं आपली राज्य खो-खो स्पर्धा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलींची. मंडप, निवास, सगळं ठरलंय. संयोजन समितीची सचिव मी. पण इथून तासाभराच्या वाटेवर लोक चिखलात बसलेत आणि आम्ही इथं हलगी वाजवायची? माझ्यानं होणार नाही. स्पर्धा रद्द करावी असा प्रस्ताव मी उद्याच्या बैठकीत मांडणार आहे. खर्चाचे पैसे तुमच्याकडं वळवता येतील. तुझ्या कर्णधार प्रेरणाचं हे शेवटचं वर्ष, जानेवारीत ती वयात बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. जीव तुटतो. पण वेळ काय आलीय, बघ ना.

तू असतीस तरी हेच केलं असतंस.

तुझी,
शाइस्ता

*

हिवरवाडी
२५ सप्टेंबर

माननीय सचिव मॅडम यांस,

सामान पोचलं. पॅडची पाकिटं आठवणीनं धाडलीस, तेवढ्यासाठी तुझे शंभर गुन्हे माफ. एकशे एकावा मात्र माफ नाही.

मी असते तर हेच केलं असतं, हे तुला कोणी सांगितलं? मी आहे, जिवंत आहे, इथंच आहे. मला विचारलंस का? पोरींना विचारलंस? तिकडं खुर्चीत बसून आमच्या वतीनं दुःखी व्हायचं काम तुम्ही मस्त वाटून घेतलंय. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

इथलं ऐक. सोमवारी उजाडता उजाडता पाणी आलं. घटस्थापनेचा दिवस, आणि गावात एकही घट बसला नाही. खालच्या आळीत गुडघाभर गाळ आहे. शाळेच्या भिंतीवर फळ्याच्या वरपर्यंत पाण्याची रेघ उमटलीय. मैदान तर ओळखू येत नाही. एक खांब वाहून गेला, दुसरा वाकडा होऊन उभा आहे. तर आम्ही काय केलं? वरच्या अंगाला डांबरी सडक शिल्लक आहे. तिच्यावर फक्की मारून पाटी आखली. दिवसभर पोरी घरातला गाळ उपसतात आणि ऊन उतरलं की सडकेवर येतात. सातच्या सात. काल संस्कृतीचे दोन्ही गुडघे डांबरावर सोलून निघाले. मी म्हटलं, बस आता. तर म्हणाली, "बाई, घरी जाऊन पुन्हा चिखलच काढायचाय. इथं सोलू द्या."

या पोरींना चार वर्षं मी घडवलंय. जिल्ह्याच्या संघात पंधरातल्या सात या एका गावच्या आहेत. पाण्यानं त्यांची पुस्तकं नेली, शेळ्या नेल्या, दोघींची घरं नेली. एक गोष्ट पाण्याला नेता आली नाही, ती तू न्यायला निघालीस. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

आणि ते पैसे वळवण्याचं पुन्हा लिहू नकोस. मदत सरकारकडून घेऊ, तुझ्याकडून घेऊ, हक्कानं मागून घेऊ. पण पोरींचा खेळ मोडून आलेली मदत मी गावाच्या वेशीवरून परत पाठवीन.

स्पर्धा घ्यायची. हलगी लावून घ्यायची. आमच्या नावावर रद्द करायची नाही.

नानखटाई पोरींनी खाल्ली. बाकी घरचं भेटीत सांगीन.

रत्नमाला

*

छत्रपती संभाजीनगर
२७ सप्टेंबर

रत्ने,

तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं, नंतर राग आला, तो अजून उतरला नाही.

बैठकीत माझा प्रस्ताव सगळ्यांनी मान्य केला. अध्यक्ष साहेब म्हणाले, "मॅडम, माणुसकीचा निर्णय आहे." आज पेपरातही चार ओळी आल्यात, लोक कौतुक करतायत. सोमवारी पत्रावर माझी सही झाली की राज्य संघटनेला कळवायचं. संघटना यंदाची निवड मागच्या वर्षीच्या कामगिरीवर करेल. प्रेरणा मागच्या वर्षी घोटा मुरगळून बाहेर होती, त्यामुळं तिचं नाव येणार नाही. मला याचं वाईट वाटत नाही असं तुला वाटतं का?

पण तुला मैदानापलीकडं काही दिसतच नाही. होस्टेलपासून बघते मी, तू अशीच. तुझं घर चढावर, तुझ्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, म्हणून तुला खांब आणि पाटी सुचते. तालुक्यात चार घरांत माणसं गेलीत. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय ना, त्याला जाऊन विचार एकदा, की बाबा, शेजारी हलगी वाजवू का? मग मला लिही.

रागात लिहिलंय. पण खोटं नाही लिहिलं.

शाइस्ता

*

हिवरवाडी
२८ सप्टेंबर

आदरणीय शाइस्ता मॅडम,

सा. न. मी प्रेरणा, संघाची कर्णधार. बाईंनी तुमची चिठ्ठी वाचली, घडी घालून खिडकीत ठेवली आणि काही न बोलता गाळ काढायला गेल्या. बाई कधी गप्प बसत नाहीत. म्हणून मी त्यांना न विचारता ती वाचली. चूक केली. पण त्याशिवाय मला इलाज दिसला नाही.

ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला विचार, असं तुम्ही लिहिलंय. मॅडम, हिवरवाडीत एकच माणूस गेलं. साळूबाई आजी, आमच्या बाईंच्या सासूबाई.

घर चढावर आहे, पण गोठा खाली नदीच्या अंगाला आहे. सोमवारी पहाटे पाणी चढताना दिसलं तशा आजी म्हैस सोडायला गेल्या. त्यांचा मुलगा, बाईंचे मालक बन्सी अण्णा, मागून धावले. आजींनी दावं सोडलं, म्हैस पोहत बाहेर आली आणि गोठ्याची भिंत आजींवर बसली. अण्णांनी आणि बाईंनी हातांनी दगड उचलले. बाईंच्या दोन बोटांची नखं गेलीत. तुम्हाला लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्याच हातानं लिहिली.

तिसऱ्या दिवशी बाई सडकेवर आल्या. आम्हाला वाटलं, सराव बंद करा म्हणतील. त्या म्हणाल्या, "फक्की आणा."

आता खरी अडचण सांगते. अर्धं गाव एकाच भावकीचं आहे, सातातल्या आम्ही पाच जणी त्या भावकीतल्या. सगळ्यांनाच सुतक. ते चार तारखेला तेराव्याला फिटेल. पण आमच्यात घर स्वतः दुखवट्यातून उठत नाही. बाहेरच्या सोयऱ्यानं यावं लागतं, कपडे आणावे लागतात, गोड घास भरवावा लागतो. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. सरावाकडं काणाडोळा केलाय, पण तो निघाल्याशिवाय स्पर्धा, सण, लग्न काही नाही, असं गोकुळ आबांनी बजावलंय. ते भावकीत सगळ्यांत मोठे. आणि दुखवटा घेऊन येणार कोण? आमचे सगळे सोयरे गिरजेच्याच काठावर आहेत, त्यांच्याच घरात पाणी शिरलंय. बाईंना तर माहेरच उरलं नाही.

मॅडम, तुमचं घर कोरडं आहे ना?

आपली नम्र,
प्रेरणा

*

छत्रपती संभाजीनगर
२९ सप्टेंबर

रत्ने, माझ्या रत्ने,

काय लिहू? प्रेरणाची चिठ्ठी कडुबानं सकाळी शाळेच्या फाटकावर दिली आणि मी तिथंच बसले, वॉचमनच्या स्टुलावर. अम्मा गेल्या आणि मी त्यांच्यासाठी नानखटाई पाठवली. अम्मा गेल्या आणि मी तुला घर चढावर आहे म्हणून टोमणा मारला. तू मला दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास. का सांगितलं नाहीस?

माझी अम्मी गेली तेव्हा तुझ्या या सासूबाई तीन दिवस एसटीनं यायच्या, फडक्यात भाकरी आणि पिठलं बांधून. आमच्याकडंही तीन दिवस चूल पेटवत नाहीत. मोहल्ल्यातून ताटं यायची, पण अम्मांनी आणलेली भाकरीच माझ्या घशाखाली उतरली. त्यांना मराठी सोडून काही येत नव्हतं आणि माझ्या खालाला मराठी धड येत नव्हतं, तरी दोघी एकमेकींना धरून तास तास रडल्या. मला त्या दिवसापासून त्या "माझी लेक" म्हणायच्या, हे तुला माहीतच आहे.

दुपारी बैठक होती, सहीची. मी सही केली नाही. अध्यक्ष साहेब म्हणाले, "मॅडम, प्रस्ताव तुमचाच. आता तुम्हीच फिरता?"

मी म्हटलं, "हौ, फिरते."

प्रणय म्हणून एक पोरगा आहे आमच्यात, प्रसिद्धी बघतो. तो म्हणाला, "मॅडम, लोक सोडणार नाहीत आपल्याला. तिकडं माणसं मेली आणि हे खेळ खेळतायत, असं लिहितील."

"लिहू दे. ज्यांच्या घरची मेली तीच माणसं खेळ मागतायत, हे पण लिहायला सांग त्यांना. दुःख त्यांचं, आणि ते कसं करायचं हे आपण ठरवणार? त्यांना कुणी विचारलं? मी पण नाही विचारलं!"

आवाज बराच चढला असावा, कारण चहा आणणारा बाहेरच थांबला. शेवटी साहेबांनी मार्ग काढला. रविवारी, पाच तारखेला, हिवरवाडीच्या सातही पोरी इथं शिबिरात हजर झाल्या तर स्पर्धा होईल. नाही आल्या तर रद्द. तुमच्या पोरींशिवाय यजमान संघ उभाच राहत नाही, हेही खरं.

म्हणजे सगळं आता तुमच्या गोकुळ आबांवर आलं. रत्ने, मी येते चार तारखेला. माझं घर कोरडं आहे. पण मी कोण, कुठल्या घरची, हे तुझ्या भावकीला माहीत आहे. माझ्या हातचा घास त्यांना चालेल का? नाही चालला तर तुझा अपमान होईल, माझं काय. स्पष्ट लिही.

शाइस्ता

*

हिवरवाडी
१ ऑक्टोबर

शाइस्ते,

का नाही सांगितलं, ते ऐक. सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी रडत रडत सही केली असतीस. आत्याबाईंचं, तुझ्या अम्मांचं, मरण पुढं करून पोरींचा खेळ बंद झाला असता. मला ते नको होतं. माझं दुःख मला कुणाच्या कामाला येऊ द्यायचं नव्हतं. रात्री उशीत तोंड खुपसून रडते मी, ते माझं आणि यांचं. दिवसा मी पोरींची आहे.

तुझ्या टोमण्याचं म्हणशील तर लागला. खोटं कशाला बोलू? पण तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

आज दहावं झालं, तेव्हा घाटावरच विषय काढला. गोकुळ आबा म्हणाले, "दुखवटा सोयऱ्यानं काढायचा असतुया. ती बाई सोयरी कशी? रीत मोडायची का आता?"

हे आत्तापर्यंत एका शब्दानं बोलले नव्हते. आई गेल्यापासून माणूस मुकाच झालाय. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "आबा, रीत मोडायची नाय. माझी माय तिच्या घरी तीन दिस भाकरी घेऊन गेली व्हती. सोयरीक तवाच झाली. तवा तुमी इचारलं नाय, ती कोण म्हून. आता तिची परत यायची पाळी हाय, तर इचारता व्हय?"

आबांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाले, "लेक म्हनली व्हती का साळू तिला?"

"व्हय. माझ्याम्होरं."

"मंग येऊ दे. लेकीच्या हातचं खातो मी."

तर ये. कपडे आणायचे ते आण, पण पांढरं-फिकं काही आणू नकोस, मी नेसणार नाही. हिरवं आण. पुलाजवळ पाणी अजून मांडीपर्यंत आहे, दोरी धरून यावं लागेल. तुला पोहता येत नाही, भित्री कुठली, म्हणून यांना तुझ्या बाजूच्या काठावर उभं करते.

आणि एक अट, माझी. स्पर्धेत आमच्या पोरींना माईकवरून पूरग्रस्त म्हणायचं नाही. हार, शाल, कौतुक, डोळ्यांत पाणी, काही नाही. त्यांना बाकीच्यांसारखं पळवा आणि बाकीच्यांसारखं बाद करा.

रत्ना

*

हिवरवाडी
१३ ऑक्टोबर

शाइस्ते,

टॉवर उभा राहिलाय, तुझे पाच फोन येऊन गेले. मुद्दाम उचलले नाहीत. हे फोनवर सांगायला गेले तर मध्येच तू रडशील, मग मी रडेन आणि सांगायचं राहील.

उपांत्य सामन्यात प्रेरणानं काय केलं ते तू मंडपातून पाहिलंस, पण पाटीवर काय बोलणं झालं ते तुला ऐकू गेलं नसणार. तू सचिव म्हणून पाहुण्यांत बसलेली, आणि हलगी तर अशी कडाडत होती की माझ्याच कानाला दडे बसले. आबा त्या हलगीवाल्याशेजारी जाऊन बसले होते, पाहिलंस ना? तेराव्याला तुझ्या हातचा शिरा खाल्ला, तेव्हापासून हा म्हातारा आमच्याहून पुढं. कडुबाच्या टेम्पोत पहिला तोच चढला.

तर शेवटची पाळी, शेवटचं मिनिट. बरोबरी झालेली. प्रेरणानं खो घेतला, झेपावली आणि त्यांची पळती बाद केली. पंचांनी शिट्टी मारून गडी दिला. आम्ही जिंकलो. मी तुझी ती हिरवी साडी खोचून नाचायच्या बेतात होते. तेवढ्यात प्रेरणानं हात वर केला.

"सर, फाऊल झालाय. माझा पाय मधल्या पाटीपलीकडं पडला."

पंच वाकून हळूच म्हणाले, "मी पाहिलं, पोरी. राहू दे. तुमच्यावर आधीच काय कमी आलंय?"

ती म्हणाली, "सर, पूर वेगळा, फाऊल वेगळा."

पंचांचं तोंड पडलं. गडी परत गेला. पुढच्या वीस सेकंदांत काही झालं नाही, जादा डाव झाला आणि आम्ही एका गड्यानं हरलो.

तिला रागवायला मी मैदानात गेले होते, खरं सांगते. एवढं जिंकलेलं कोणी असं परत देतं का? गेले तर सातही पोरी पाटीवर बसून रडत होत्या. मोठमोठ्यानं, नाक ओढत, लहान लेकरांसारख्या. शाइस्ते, पुरानंतर या पोरी रडल्याच नव्हत्या. घर गेलं तेव्हा नाही, आजी गेल्या तेव्हा नाही, नुसत्या गाळ उपसत होत्या. आणि आता एका गड्यासाठी रडत होत्या. संस्कृती ओरडत होती, "आपण जिंकलो असतो, बाई, आपण जिंकलो असतो!" मी त्यांना गप्प केलं नाही. मीही त्यांच्यात बसले. मला तुमच्याकडून हेच हवं होतं. जिंकणं तर हवंच होतं, पण हरल्यावर हरलो म्हणून रडता यावं, बिचाऱ्या म्हणून नव्हे.

आता एक विचारायचंय, आणि खरं उत्तर दे. राज्याच्या संघाची निवड उद्या आहे आणि निवड समितीतल्या पाचांत तू एक आहेस. प्रेरणा अजून जेवलेली नाही. तिचं नाव आलं तर ते पायांमुळं आलेलं असू दे. मायेनं आलेलं असेल तर तिला कळेल, ती परत करेल, आणि मी तिला अडवणार नाही.

रत्ना

*

छत्रपती संभाजीनगर
१४ ऑक्टोबर

रत्ने,

बैठक आत्ताच संपली. आधी प्रेरणाला जेवायला वाढ, मग पुढचं वाच.

तिचं नाव पुकारलं गेलं तसं मी खुर्ची मागं सारून उठले. निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, कुठं? मत द्यायचंय."

मी म्हटलं, "मला नाही देता येणार. त्यांच्या घरचा दुखवटा मी काढलाय. मी घरची आहे."

बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. आत चौघं होते, चारही बाहेरच्या जिल्ह्यांतले. त्यात तुम्हाला हरवलेल्या संघाची प्रशिक्षकही होती. चारही मतं प्रेरणाला पडली.

तुझी,
शाइस्ता